कव्हर थ्री शिकणाऱ्या भाच्यास

पिट्सबर्ग

चि. भाचेबुवांस,


परवा फोनवर तुमच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचवर फारच तापला होतास. "सगळे कुठल्या कुठे गेले आणि आम्हाला अजून तेच कव्हर थ्री! स्नॅप झाला की आपापल्या जागेवर पळा!" मी उत्तर देणार तोच ताईने फोन काढून घेतला आणि विषय तुझ्या गणितावर गेला. आठवीपर्यंत तू पुण्यात शिकलास, मराठी वाचतोस, म्हणून आता सविस्तर लिहितो.

तुझी तक्रार निम्मी खरी आहे. मैदानाची रुंदी १६० फूट. चौघे क्वार्टरबॅकवर धावून गेले की मागे सातच उरतात. कव्हर थ्रीत त्यातले तिघे खोलवर आणि चौघे त्यांच्या पुढे. आता समोरच्याने चार रिसिव्हर सरळ नाकासमोर पळवले, तर मधल्या एकट्या सेफ्टीच्या वाट्याला दोघे येतात. तो ज्याच्याकडे झुकेल त्याला सोडून चेंडू दुसऱ्याकडे. कव्हर टूमध्ये दोघेच खोलवर, म्हणून कडेला, कॉर्नर आणि सेफ्टी यांच्या मध्ये, भोक राहतं आणि मधोमध आणखी एक. माणसाऐवजी जागा राखणाऱ्या कुठल्याही झोनमध्ये भोकं असतातच. शेताच्या माळ्यावर बसलेल्या राखणदारासारखं आहे हे: पाखरं नेमकी दोन राखणदारांच्या हद्दीवर उतरतात.

मग ही पद्धत इतकी वर्षं चालली कशी? आमच्या या गावच्या स्टीलर्सकडे सत्तरच्या दशकात बड कार्सनचा बचाव होता आणि कॉर्नरला मेल ब्लाउंट. ब्लाउंट रिसिव्हरला असा काही रेटायचा की तो भोकापर्यंत पोचेतोवर क्वार्टरबॅक आडवा झालेला असायचा. १९७८ साली नियम बदलला आणि पाच यार्डांपुढे रिसिव्हरला धक्का द्यायला बंदी आली. इथे अजूनही त्याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. २००४ पासून पंच तो अधिक कडकपणे राबवू लागले. भोकं तेवढीच राहिली, पण रिसिव्हर आता तिथे वेळेवर आणि ताजातवाना पोचतो. जुन्या झोनचं खरं दुखणं हे आहे. नव्या कोचांची हुशारी त्यानंतर येते.

आणि तरीही ही पद्धत मेली नाही. स्टीलर्समध्ये खेळलेला टोनी डंजी इथलं शिक्षण टॅम्पाला घेऊन गेला. मॉन्टी किफिनबरोबर त्याने मधल्या लाइनबॅकरला मागे धावायला लावून कव्हर टूचं मधलं भोक बुजवलं. डंजी तिथून गेल्यावर, जानेवारी २००३ मध्ये, त्याच बचावाने सुपर बोल जिंकला. समोरचा क्वार्टरबॅक रिच गॅनन त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला होता. त्याचे पाच पास बचावाने पकडले आणि त्यातल्या तीन पासांवर थेट टचडाउन झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटलने तर तुझं हेच नावडतं कव्हर थ्री खेळून डेन्व्हरला ४३-८ असं चिरडलं. डेन्व्हरने त्या मोसमात ६०६ गुण केले होते, तो विक्रम होता. त्यांचा क्वार्टरबॅक मॅनिंग याला सिअ‍ॅटल काय खेळणार हे ठाऊक होतं; ठाऊक असून उपयोग झाला नाही.

पण लगेच खूश होऊ नकोस. सिअ‍ॅटलची नक्कल करायला बरेच जण धावले. तिथला आधीचा बचाव-प्रशिक्षक गस ब्रॅडली तीच पद्धत घेऊन जॅक्सनव्हिलला मुख्य कोच झाला आणि १४ सामने जिंकून ४८ हरला. सगळा दोष बचावाचा नव्हता, आक्रमणही यथातथाच होतं. पण तिथल्या अर्ल थॉमससारखा सेफ्टी मध्ये नसेल, तर कागदावरचं कव्हर थ्री कागदावरच राहतं. शिवाय तिथला कॉर्नर रिचर्ड शर्मन नावालाच झोनमध्ये असायचा. आपल्या एक-तृतीयांश हिश्श्यात शिरलेल्या माणसाला तो जवळजवळ एकास एक खेळायचा.

कळीचा मुद्दा इथेच आहे. १९९१ ते ९४ या काळात क्लीव्हलँडमध्ये बेलिचिक मुख्य कोच आणि निक सेबन त्याच्या हाताखाली बचाव सांभाळायला. तिथे त्यांनी चार सरळ धावणाऱ्यांवर तोड काढली: सुरुवात झोनसारखीच, पण माणूस सरळ पुढे घुसला तर त्याच्याबरोबर जा, बाहेर वळला तर शेजाऱ्याच्या हवाली कर. जागेपेक्षा माणूस मोठा. आज वरच्या पातळीवर झोन म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं या जातीचं आहे. नुसतं बारा यार्ड मागे जाऊन गवत राखणं, तेही सबंध सामना, हे मात्र चांगल्या क्वार्टरबॅकसमोर संपलं. यात माझ्या मनात शंका नाही.

फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल तू पाहिलास. फिलाडेल्फियाचा बचाव-प्रशिक्षक फँजिओ याने क्वार्टरबॅक माहोम्ससमोर दोन सेफ्टी खोलवर ठेवले, स्नॅपनंतर जागा बदलल्या आणि पूर्ण सामन्यात एकदाही जादा माणूस धाडून ब्लिट्झ केला नाही. पुढच्या चौघांनीच भंडावून सोडलं; माहोम्स सहा वेळा पाडला गेला. मध्यंतराला २४-०. फिलाडेल्फियाच्या कूपर डीजीनने माहोम्सचा पास पकडून ३८ यार्ड धावत टचडाउन केला, त्याच दिवशी तो २२ वर्षांचा झाला होता. मॅन-टू-मॅनमध्ये अर्धा वेळ आपली पाठ चेंडूकडे असते. झोनमध्ये डोळे क्वार्टरबॅकवर राहतात. झोनची कमाई ती. आणि चौघांचा दबाव नसेल तर कोणतंच कव्हर तुला वाचवणार नाही.

आता तुझ्या शाळेचं. तुमच्या मैदानावरच्या हॅश-रेघा रुंदीचे बरोबर तीन समान भाग करतात. एनएफएलमध्ये त्या मधोमध जवळजवळ असतात. म्हणून तुमच्याकडे चेंडू एका रेघेवर असला की एका बाजूला ५३ फूट आणि दुसऱ्या बाजूला दुप्पट मोकळं रान. पलीकडच्या कडेपर्यंत अचूक पास फेकणारे सोळा वर्षांचे क्वार्टरबॅक तुमच्या न्यू जर्सीत किती असतील? तुझा कोच हिशेब करूनच कव्हर थ्री शिकवतोय. जागा पाठ झाल्याशिवाय ती सोडायची कधी हे कळत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालू नकोस. फक्त त्याला एवढं विचार: "माझ्या हद्दीत कोणीच आलं नाही तर मी कुठे जायचं?" या प्रश्नाला उत्तर असेल तर तो चांगला कोच आहे.

पुढच्या शुक्रवारच्या सामन्याची फिल्म पाठव. क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटताना तू कुठे बघत होतास, तेवढंच मला पाहायचं आहे.

तुझा,
मोठा मामा