शिकवणारा जोडीदार



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभा आपल्या मृतांसाठी राखून ठेवते. या दिवसांत मिस्साच्या हेतूंची जी पाकिटे येतात, त्यांवर 'माझे पती', 'माझी पत्नी' हे शब्द वारंवार दिसतात. त्यांना चिरशांती मिळावी ही प्रार्थना आपण करतोच. परंतु गेलेल्या जोडीदाराची आठवण करायची म्हणजे नेमके काय आठवायचे? आज आपण त्यासाठी एका मराठी विधवेकडे जाऊ. ती ख्रिस्ती नव्हती, पण आपल्याला शिकवण्यासारखे तिच्याजवळ पुष्कळ आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. पुढे १९१० साली त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. २०१२ साली 'उंच माझा झोका' ही मालिका आली आणि ही कथा घरोघरी पोहोचली. तरी ज्यांना जमेल त्यांनी मूळ पुस्तक वाचावे. त्यात रमाबाई पतीचे नाव घेत नाहीत. 'स्वतः' एवढेच म्हणतात.

या लग्नाची सुरुवात काही चांगली नव्हती. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा वधू ११ वर्षांची आणि वर ३१ वर्षांचे होते. पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांवर वडिलांनी हा विवाह लादला, आणि रानडे नमले. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावचा नारायण 'सावधान' ऐकताच बोहल्यावरून निघून गेला, असे परंपरा सांगते. रानड्यांना तसे पळता आले नाही. ते योग्य की अयोग्य, याचा वाद तेव्हाही झाला आणि आम्हालाही तो मिटलेला वाटत नाही. पण जे पदरात पडले त्याचे त्यांनी काय केले? मुलीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी तिला अक्षरओळखीपासून शिकवायला घेतले. दिवसभर कोर्टाचे काम, आणि रात्री हा वर्ग. मराठी झाले, मग इंग्रजी.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. टोमणे झाले, अबोले झाले. रानड्यांचे सांगणे असे की उलट उत्तर देऊ नये, सोसावे, आणि अभ्यास मात्र सोडू नये. सोसायचे होते ते रमाबाईंना. सांगणारे दिवसभर बाहेर असत. शिवाय ते स्वतः नाराज झाले तर रागवायचे नाहीत, बोलणेच थांबवायचे, आणि ते मौन रमाबाईंना फार जड जाई. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण गप्प बसणे म्हणजेच सहनशीलता असे आपल्याकडे पुष्कळ नवऱ्यांना वाटते.

आम्हाला सर्वांत आवडतो तो कलकत्त्याचा प्रसंग. १८८६ च्या सुमारास सरकारी कामासाठी रानडे तिथे होते. ज्या मुलखात राहायचे तिथली भाषा यावी म्हणून त्यांनी बंगाली शिकायला घेतले. न्हावी हजामत करीत असताना ते पुस्तक वाचत, आणि न्हावी त्यांचे उच्चार सुधारी. रमाबाईंना हसू आले. मग हेच बंगाली त्यांनी पत्नीलाही शिकवले. एवढा विद्वान न्यायाधीश न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसतो, हे पत्नीने पाहिले होते. स्वतः शिकताना चुकणारा माणूस दुसऱ्याच्या चुकीवर ओरडत नाही. प्रीती सहनशील आहे असे संत पौल करिंथच्या मंडळीला सांगतात. लग्नाच्या मिस्सात ते वाचन आपण ऐकतो, आणि मांडवात जेवायला जाईपर्यंत विसरतो.

संत ऑगस्टीन यांनी सुमारे ३८९ साली गुरूविषयी एक संवाद लिहिला. त्यात त्यांच्याशी बोलणारा त्यांचा मुलगा अदेओदातुस आहे, जो पुढे लवकरच वारला. ऑगस्टीन यांचे म्हणणे असे की बाहेरचा गुरू शब्दांनी फक्त बोट दाखवतो; सत्य पटते ते आतल्या गुरूमुळे, म्हणजे ख्रिस्तामुळे. म्हणूनच बाहेरचा गुरू गेला तरी शिकणे थांबत नाही. रानडे गेल्यावर रमाबाई काही काळ घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर त्या येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्यात विधवा आणि इतर स्त्रिया शिकू लागल्या. ज्या घरी एका मुलीला रात्री शिकवणे चालत नव्हते, तिथली ती मुलगी आता शेकडो जणींच्या शिक्षणाची सोय पाहत होती. १९२४ साली निधन होईपर्यंत हे काम चालले.

आता आपल्याकडे पाहू. पती वारला की आठवड्याभरात पत्नी पासबुके घेऊन कचेरीत येते. खाते कुठल्या बँकेत, विम्याचा हप्ता कोण भरत होते, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, तिला काही माहीत नसते. माणूस वाईट होता असे नाही. मोसंबीच्या बागेत किंवा कारखान्याच्या पाळीत राबून त्याने घर चालवले. 'तुला काय करायचंय, मी आहे ना' असे तो प्रेमानेच म्हणत असे. दुसरीकडे पत्नी गेलेला पुरुष. चहाची साखर कुठल्या डब्यात आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि मुलीशी काय बोलावे हेही नाही. तिनेही 'तुम्हाला नाही जमायचं' म्हणून त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवलेले असते. दोघांनीही एकमेकांना शिकवण्याचे टाळले, आणि प्रेमच केले असे समजले.

पण अशीही घरे आहेत जिथे नवऱ्याने सही शिकवली, बायकोने रोझरीची रहस्ये पाठ करून घेतली, रागावर पाणी कसे टाकावे ते दाखवले. अशा आठवणी प्रार्थनेत याव्यात. गेलेला माणूस निर्दोष होता असे म्हणण्याची सक्ती नाही. रमाबाईंनीही त्या मौनाच्या रात्री लपवल्या नाहीत.

या महिन्यात दर रविवारी सायंकाळी दफनभूमीत कबरींचा आशीर्वाद होईल. हेतूच्या पाकिटावर मृत जोडीदाराच्या नावाखाली त्यांनी तुम्हाला शिकवलेली एक गोष्ट लिहावी. लिहिता येत नसेल तर मिस्सानंतर कचेरीत येऊन सांगावी. आम्ही लिहून घेऊ.