देखणे आणि घडलेले

पुण्यास चिरंजीवांकडे मुक्काम असला की रविवारी सकाळी आम्हीही हल्ली जुने वाडे पाहणाऱ्यांच्या घोळक्यात सामील होतो. कोठे डागडुजी केलेला चौक, कोठे हौसेने राखलेली परसबाग. पाहून मन निवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. विश्रामबागवाड्यासमोर तर आम्ही बराच वेळ उभे होतो. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली येथे संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तोही पुन्हा उभा राहिला. दर्शनी सज्ज्याचे सुरूच्या घाटाचे सागवानी खांब आज डौलात दिसतात.

तेथून थोडे चालून गेले की बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती येथे. ही वास्तू आमच्या डोळ्यांदेखत मोडकळीस आली आणि २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडली गेली. एक वाडा सार्वजनिक मालकीचा, दुसरा खाजगी व भाडेकरूंच्या दाव्यात अडकलेला, हा फरक महसुली नोकरीत आयुष्य घालविलेल्या आम्हांस कळतो. पण दावा इतकी वर्षे रेंगाळला आणि आपण तो रेंगाळू दिला, याचे एक कारण असेही असावे की डोळ्यांत भरावे असे तेथे फारसे काही नव्हते. देखणे ते राखावयाचे आणि घडलेले ते पाटीवर लिहावयाचे, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

हा प्रश्न घेऊनच आम्ही मुडबीस परतलो, कारण तो घरचाच आहे. आमच्या वाड्याचे माळवद दोन पावसाळे गळते आहे. देवडी, कोरीव तुळया, दिवाणखाना नीट करावा, यावर भावंडांचे एकमत. परसातली कोंदट खोली मात्र पाडून तेथे न्हाणीघर करावे, असे धाकट्या बंधूंचे म्हणणे. त्या खोलीत आमच्या आत्याबाईंनी जन्म काढला. बाराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले; माहेरी आल्या त्या मागल्या दारीच राहिल्या. खोलीपुढचा मोगरा त्यांनी लावला, आडाचे पाणी शेंदून वाढविला. घरच्या लेकीसुना तो माळीत. त्यांनी एखादे फूल हुंगलेलेही आम्ही कधी पाहिले नाही. आमच्या पाटीवर त्या अक्षरे गिरवीत आणि पाऊल वाजले की पदराने पुसून टाकीत.

"तेथे पाहण्यासारखे आहे काय?" बंधू विचारतात. खरोखरच काही नाही: एक झरोका, एक कोनाडा, पोपडे निघालेली भिंत. शिवाय जिने त्यांना कोंडले, त्या खोलीला चुना लावून पाहुण्यारावळ्यांना दाखविणे आत्याबाईंना तरी रुचले असते काय, ही शंका आम्हांस छळते. ती पाडल्याने आपली लाज झाकली जाते, हेही तितकेच खरे.

परवा गवंडी येऊन गेला. माळवदाचा खर्च ऐकून बंधू गप्प झाले. त्या खोलीच्या तुळईला तूर्त टेकू द्यावयास आम्ही त्याला सांगितले आहे. बंधूंची संमती अद्याप यावयाची आहे.