ओल्या लाकडाचा वाडगा

वाचन : तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय २, वचने २० व २१.

ह्या वचनांत पौल प्रेषित मोठ्या घरातील नाना प्रकारच्या पात्रांचा दृष्टांत देतो, आणि त्यांत लाकडी पात्रालाही जागा देतो. यिर्मयाने पाहिलेल्या कुंभारावर व त्याच्या मातीच्या भांड्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत. लाकडी पात्र घडविणाऱ्या कातारी कारागिराकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. आज आपण त्याच्यापाशी क्षणभर बसू. कारण नव्या विश्वासणाऱ्यांचा सांभाळ कसा करावा, ही जी आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांची मोठी अडचण, तिजविषयी त्याच्या हाताला पुष्कळ ठाऊक आहे.

सावंतवाडीची लाकडी फळे व खेळणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. फिरत्या सांगाड्यावर, ज्याला आता सर्वत्र लेथ म्हणतात, लाकूड बसवून त्यास धारदार हत्यार लावितात व गोल आकार देतात. पूर्वी एकाने दोरी ओढावी व दुसऱ्याने हत्यार धरावे अशी रीत होती. आता बहुतेक ठिकाणी विजेवर काम चालते. लाखकाम करावयाचे असल्यास रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबितात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने घासली म्हणजे तिला चकाकी येते. पाहणाऱ्यास वाटते की घटकाभरात वस्तू तयार झाली. परंतु त्या घटकेच्या मागे किती महिने गेले, हे तो पाहत नाही.

झाड तोडणे एका दिवसाचे काम आहे. लाकूड वाळणे एका दिवसाचे नव्हे. ताज्या लाकडात पाण्याचा अंश फार असतो. काही जातींत तर कोरड्या लाकडाच्या वजनाइतके, किंवा त्याहूनही अधिक पाणी असते. लाकडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत साठलेले पाणी प्रथम निघून जाते. तेव्हा लाकूड हलके होते, पण त्याचा आकार बदलत नाही. पाण्याचे प्रमाण शेकडा तीसच्या सुमारास उतरले म्हणजे पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी निघू लागते, आणि तेव्हा लाकूड आटते. तेही सर्व बाजूंनी सारखे आटत नाही. वर्षवलयांच्या रेषेत ते जितके आटते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीच्या दिशेने आटते. म्हणून ओल्या लाकडाचा पातळ, गुळगुळीत वाडगा आज करून ठेविला, तर काही दिवसांनी तो लांबट होतो, आणि पुष्कळदा तडकतो.

बंधूंनो, येथे थोडे थांबा. तो वाडगा हत्याराखाली तडकला नाही. कातारी घरी गेल्यावर, फळीवर ठेविला असता, आतल्या ओलीने तडकला. आपल्या मंडळ्यांतही असेच घडते. एखादा मनुष्य मोठ्या आनंदाने प्रभूकडे येतो. त्याचे बोलणे गोड, गाणे उत्तम. सहा महिन्यांत आपण त्याला पंच करितो, मंडळीची पेटी त्याच्या हाती देतो, उपासनेत पुढे बसवितो. पहिले काही महिने काहीच दिसत नाही, कारण वरवरचे पाणी तेव्हा जात असते. पुढे घरच्यांचा दुरावा, लग्नकार्यातील बहिष्कार, जुन्या देण्याघेण्याचा तगादा, मानाचा मोह ही सर्व आत पोहोचतात, आणि एके दिवशी तडा दिसतो. मग आपण म्हणतो, लाकूडच वाईट होते. कातारी असे म्हणत नाही. ओले लाकूड पातळ कोणी केले, हे तो आपल्या मनाला विचारितो.

पौलाने तीमथ्याला पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ह्याच कारणास्तव बजाविले की नवशिक्याला अध्यक्षाचे काम देऊ नये. स्वतः पौलाविषयी गलतीकरांस पत्रात वाचा : दिमिष्काच्या वाटेवर हाक ऐकल्यावर तो अरबस्थानात गेला, आणि तीन वर्षांनंतर यरुशलेमास पेत्राच्या भेटीस गेला.

कोणी म्हणेल, "तर मग बाप्तिस्माही लांबवावा काय?" फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्याच रात्री बाप्तिस्मा मिळाला, हे आपण जाणतो. ज्या वेळी हाक येते त्याच वेळी झाड तोडावे. त्यास विलंब नको. घाई टाळावयाची ती ओझे देण्यात आणि मान देण्यात.

दुसरा कोणी विचारील, "तोवर त्याने रिकामे बसावे काय?" ह्याचेही उत्तर कातारी देतो. अनुभवी कारागीर ओले लाकूड तसेच पडू देत नाही. तो त्याचा कच्चा वाडगा कातून ठेवितो. ओले लाकूड हत्याराला मऊ लागते. पण भिंत तो जाड राखितो, व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी. म्हणजे दहा इंचांच्या वाडग्याला एक इंच. मग तो वाडगा सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, भुश्श्यात किंवा कागदात गुंडाळून कित्येक महिने ठेवितो. मधून मधून वजन करितो, आणि वजन उतरणे थांबले म्हणजे तो पुन्हा सांगाड्यावर चढवितो. त्या जाडीमुळे वाकडेपणा दुसऱ्या कातणीत निघून जातो. तद्वत् नव्या विश्वासणाऱ्याला काम द्या, पण जाड भिंतीचे काम द्या : सतरंज्या घालणे, आजाऱ्यांस भेटणे, शब्बाथशाळेच्या मुलांना जमविणे. चुकले तर सुधारता येईल असे ते असावे.

लाकडाच्या तोंडांतून, म्हणजे ओंडक्याच्या दोन्ही टोकांतून, पाणी सर्वांत लवकर उडते, म्हणून तडा तेथूनच सुरू होतो. यास्तव जाणते लोक टोकांना मेण किंवा रंग लावितात. नव्या मनुष्याच्या भोवतीही असे आच्छादन असावे. भर सभेत त्याची अतिस्तुती करू नये, आणि भर सभेत त्याला झिडकारूही नये. दोन्ही उन्हे आहेत. जे सांगावयाचे ते सावलीत, त्याच्या ओट्यावर बसून सांगावे.

आणखी एक गोष्ट. सर्व लाकडे एका जातीची नसतात. सागवान कमी आटते, पण हत्याराची धार लवकर बोथट करिते. शिसव कठीण, पण झिलई उत्तम घेते. पांगारा हलका व मऊ. बोथट हत्यार लाविले तर त्याचे तंतू फाटतात. कर्नाटकातील चन्नपट्टणचे कारागीर खेळण्यांसाठी काळ्या कुड्याचे पांढरे, बारीक पोताचे लाकूड पसंत करितात. शिसवीने पांगाऱ्यासारखे हलके व्हावे अशी कोणी अपेक्षा करीत नाही. आपल्या मंडळ्यांत निरनिराळ्या जातींतून, निरनिराळ्या वस्त्यांतून लोक आले आहेत. एक लवकर शिकतो, दुसऱ्याला प्रभूची प्रार्थना पाठ करण्यास वर्ष लागते. एकाला कठोर शब्द सोसतो, दुसऱ्याला त्याच शब्दाने जखम होते. उपदेशकांनो व बायबलबायांनो, सर्वांना एकच हत्यार एकाच जोराने लावू नका. आणि हत्यार सदा धारदार ठेवा. बोथट हत्यारच जोर मागते. ज्याचा स्वतःचा वचनाचा अभ्यास बंद पडला, तोच लोकांवर ओरडू लागतो.

येथे दृष्टांत संपतो, कारण लाकडाला इच्छा नाही आणि मनुष्याला आहे. पौल त्याच वचनांत पुढे सांगतो की जो आपणास शुद्ध करितो तो धन्याच्या उपयोगाचे पात्र होतो. म्हणून नव्या बंधूंनो, तुम्हांस मागे ठेविले असे वाटल्यास मन खट्टू करू नका. सावलीतले महिने फुकट जात नाहीत. नासरेथात आमचा प्रभू स्वतः सुताराचे काम करीत असे, आणि आपली सेवा त्याने आरंभिली तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. लाकूड वाळेपर्यंत वाट पाहावी लागते हे त्याला ठाऊक होते.

आणि ज्यांच्या मंडळीत एखादे पात्र तडकून कोपऱ्यात पडले आहे, त्यांनी ह्या आठवड्यात त्या मनुष्याच्या घरी जावे. त्याला मंडळीचा हिशेब विचारण्यास जाऊ नये. त्याच्यासोबत भाकर खाण्यास जावे. कातारी तडकलेल्या ओंडक्यातूनही लहान वाटी काढितो. आमच्या धन्याचा हात त्याहून कुशल आहे.

हे प्रभो, आमच्या हातांची घाई दूर कर, आणि जी लाकडे तू आमच्याकडे सोपविली आहेत ती जपण्यास आम्हांस धीर दे. आमेन.