मृगाला खेटून हस्त

गावच्या पर्जन्यमापकाच्या तीस वर्षांच्या नोंदी मी नक्षत्रवार मांडल्या, 'आर' या संगणकभाषेत बॉक्स प्लॉट काढला आणि मोठ्या कौतुकानं वडिलांना दाखवला. चतुर्थक-मध्यकाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. चष्मा सावरत ते म्हणाले, "अरे, मृगाला खेटून हस्त कुठनं आला?"

खरंच आला होता. नावं देवनागरीत घातलेली. यंत्रानं ती अक्षरक्रमानं लावली. आर्द्रा, आश्लेषा, उत्तरा अशी सुरुवात आणि शेवटी मघा, मृग, हस्त. जूनच्या सात तारखेला पेरणीची घाई लावणारं नक्षत्र आणि सप्टेंबरअखेरचं नक्षत्र शेजारीशेजारी! नऊही डबे बरोबर होते. प्रत्येकात मधले निम्मे आकडे, मध्यकाची रेघ जागच्या जागी. चुकली होती ती रांग, आणि ती कोणी लावलीच नव्हती.

क्रम वस्तूत असतो की पाहणाऱ्यात? वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी परत्व आणि अपरत्व हे वस्तूचे गुण मानले. दिशेमुळे लांबचं-जवळचं, काळामुळे आधीचं-नंतरचं. पण हे गुण उपजतात अपेक्षाबुद्धीतून, एकीच्या संदर्भात दुसरी वस्तू कोणीतरी पाहिल्यावर. हौसेनं हे वाचलं तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. गुण वस्तूचा आणि जन्म बघ्याच्या बुद्धीतून?

'आर'सोबत कीटकनाशकांच्या एका प्रयोगाचे आकडे येतात: ए ते एफ असे सहा फवारे, प्रत्येकाच्या बारा नोंदी. या सहांना निसर्गात क्रमच नाही. मध्यकानुसार लावले की सी, ई, डी, ए, एफ, बी असे येतात आणि तुलना सोपी होते. तिथे क्रम माझा, तो मी खुशाल लावतो. तेच नक्षत्रांवर करून पाहिलं, तर पाऊस पायरीपायरीनं चढताना दिसू लागला. असा चढ आभाळात कुठेच नव्हता, तो माझ्या एका आज्ञेत होता.

म्हणजे अपेक्षाबुद्धी लागतेच, पण तिला वस्तूची साक्षही लागते. मृग हस्ताच्या आधी, याची साक्ष पेरलेलं शेत देतं. ए हा बीच्या आधी, याची साक्ष कोण देणार? वैशेषिकांवरचा माझा आक्षेप मी मागे घेतला आहे.

वडिलांचा आलेख आता मृगापासून सुरू होतो. लेव्हल्स, म्हणजे 'आर'मधला गटांचा क्रम, हातानं लिहाव्या लागल्या. नऊच तर नावं होती. फवारे मी मध्यकानंच लावतो आणि आलेखाखाली तसं लिहून ठेवतो.