मुलाचा पहिला समुद्र

दिवाळी आटोपली की घराघरांत डिसेंबरच्या सहलीची चर्चा सुरू होते. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर समुद्राचं नाव हमखास निघतं. मग गोवा की कोकण, अलिबाग की तारकर्ली, खोलीतून समुद्र दिसतो का, पॅरासेलिंग आहे का, मासे कुठे चांगले मिळतात. ही सगळी चौकशी मोठ्यांच्या हौसेची असते. ज्याच्या नावाने सहल निघते त्या मुलाला काय झेपेल, हे कुणी विचारत नाही. ज्या गावाच्या पुळणीवर आपण जाऊन पडणार, त्या गावाला काय सोसावं लागेल, हे तर कुणाच्या मनातही येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन प्रश्न आधी विचारा. त्यांची उत्तरं मिळाली की ठिकाण बहुतेक आपोआप ठरतं.

आधी तारीख बघू. तीन वर्षांच्या मुलाला नाताळची सुट्टी असली काय, नसली काय, सारखंच. तरीही आपण त्याला नेमकं २५ ते ३१ डिसेंबरच्या गर्दीत नेतो. ताम्हिणी घाटात गाड्यांची रांग, मागच्या सीटवर उलट्या, खोलीचं दुप्पट भाडं आणि रात्री बारापर्यंत स्पीकर. कोकणातला हिवाळा फेब्रुवारीपर्यंत सुखाचा असतो. जानेवारीतल्या कुठल्याही मंगळवार-बुधवारी तोच किनारा निम्म्याहून अधिक मोकळा मिळतो. ज्यांना रजा मिळूच शकत नाही त्यांची गोष्ट वेगळी; पण ज्यांना मिळते तेही सवयीने ३१ तारखेलाच निघतात.

आता पाण्याविषयी, आणि इथे थोडं सविस्तर बोलायला हवं. हिवाळ्यातला समुद्र शांत दिसतो म्हणून आपण गाफील राहतो. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडमधल्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. महिना पावसाळ्याचा नव्हता, मुलंही लहान नव्हती. असं काही घडलं की चार दिवस हळहळ होते, फलक लागतात, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा कुणीतरी खांद्यावर मूल घेऊन छातीभर पाण्यात उभा असतो.

किनाऱ्यावर राहणारी माणसं पाण्यात उतरण्याआधी तिथी बघतात. आपणही बघावी. हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साधारण बारा. दिवसाही आणि रात्रीही. थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे तृतीया-चतुर्थीच्या आसपास गेलात तर सकाळी आठ-नऊच्या सुमाराला पाणी दूर गेलेलं असतं, पुळण ओली आणि सपाट असते, ऊन कोवळं असतं. लहान मुलाला याहून चांगली वेळ नाही. त्या दिवसांत पाणी परततंही जोरात, म्हणून दहाच्या आत आवरून उठायचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते, हे ज्यांनी आधी विचारून घेतलं नाही त्यांच्यावर तिथल्या खडकांत फार वाईट प्रसंग आले आहेत. घरात दिनदर्शिका टांगलेली असते. एकादशी, संकष्टी त्यात बघतो, मग सहलीची तिथीही त्यातच बघायला हरकत नसावी.

दुसरं वाऱ्याचं. मतलई वारे आणि खारे वारे शाळेच्या भूगोलात आपण पाठ केले, पण किनाऱ्यावर ते आठवत नाहीत. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यामुळेच पाणी आरशासारखं दिसतं, आणि त्यामुळेच हवा भरलेली रबरी ट्यूब मुलाला घेऊन आत सरकत जाते. बाप दोन पावलं मागे असतो, तेवढ्यात अंतर दहा पावलांचं होतं. ट्यूब घरीच ठेवा. मुलाला त्याच्या गुडघ्यापर्यंतच्याच पाण्यात न्यायचं, आणि त्याचा हात सोडायचा नाही. आपल्या पोटरीला लागणारी लाट त्याच्या कमरेला लागते, आणि परतताना ती त्याच्या पायाखालची वाळूही ओढून नेते.

ज्यांना समुद्रात मनसोक्त डुंबायचंच आहे त्यांनी खुशाल गोव्याला जावं, असं मी कोकणाचा अभिमान बाजूला ठेवून सांगेन. तिथल्या मुख्य किनाऱ्यांवर दिवसभर जीवरक्षक असतात, लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहण्यासाठी ठरलेला असतो, लाल झेंडा असला की उतरायचं नसतं. आपल्या कितीतरी गावांत अजून एक धोक्याचा फलक आणि देवाचा भरवसा, एवढीच व्यवस्था आहे. मुलाला घेऊन जायचंच तर दक्षिण गोव्याचा विचार करावा, म्हणजे रात्री झोप तरी लागते.

आणि ठिकाण कुठलंही असो, मूल बरोबर असताना दारू नको. मी हे सोवळेपणाने म्हणत नाही. लहान मुलाबरोबर समुद्रावर गेलेल्या माणसाची नजर आणि पाय जागेवर असले पाहिजेत. शिवाय बाटल्या फुटतात, काच वाळूत बुजते, आणि अनवाणी धावतं ते मूलच. पुरुष मंडळी गच्चीवर बसलेली आणि घरातली बाई एकटी मुलाचे कपडे, टॉवेल, खाऊची पिशवी सांभाळत कोरडीच उभी, हे चित्र प्रत्येक किनाऱ्यावर दिसतं. तिलाही समुद्र बघायचा असतो. तासभर तिने पाण्यात जावं आणि बापाने पिशवी धरावी, एवढा बदल घडवायला कुठलीही चळवळ लागत नाही.

मुलाला रमवायला मात्र फार काही लागत नाही. ओहोटीला ओल्या वाळूवर नखाएवढे खेकडे बिळातून वर येतात. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतात, तिच्यातलं खाद्य गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून जरा मोठी गोळी करून मागे टाकतात. पाहता पाहता बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा पसरतात. पुढची भरती त्या पुसून टाकते. आंजर्ल्याला एक चार वर्षांची मुलगी असं बीळ बघत उकिडवी बसली होती. वडील म्हणाले, “चल ना, तिकडे घोडा आहे.” ती म्हणाली, “थांब ना बाबा, त्याचं जेवण चाललंय.” वडील थांबले, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक जण थांबत नाहीत. मुलाला ओढत नेतात आणि बनाना बोटीवर बसवतात.

त्याच वाळूवरून लोक गाड्या पळवतात. नोव्हेंबर ते मार्च हा सहलींचा काळ, आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला किनाऱ्यावर येतात तोही हाच काळ. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि ती उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा जीव आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एके काळी ही अंडी गोळा करून नेली जात. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम सुरू केलं. गावाने पहाटे उठून घरटी शोधली, कुंपणाच्या आत अंडी राखली, पाहुण्यांना आपल्या घरांत उतरवलं. एक छोटं गाव आपली जुनी सवय सोडू शकतं. मग शहरातून येणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसाला गाडी सुरूच्या बनाअलीकडे उभी करणं जड का जावं? मुलाला पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची असतील तर डिसेंबर सोडा आणि फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये वेळास, आंजर्ल्याकडे जा. पिल्लं हातात घ्यायची नाहीत, फ्लॅश मारायचा नाही. कुरव पक्ष्यांना फरसाणही घालू नये. हिवाळ्यापुरते लांबून आलेले हे पक्षी आपलं पोट आपण भरतात, आणि तळलेली शेव हे त्यांचं अन्न नव्हे.

शेवटी एक गोष्ट, जी बोलायला लोक संकोचतात. लहान मूल असलेलं कुटुंब दिवसाला चार-पाच डायपर वापरतं. ते खोलीवरच्या बादलीत टाकले की आपल्यापुरता प्रश्न मिटतो. पण त्यात प्लॅस्टिक असतं, आणि बहुतेक छोट्या ग्रामपंचायतींकडे त्याची विल्हेवाट लावायची काही सोय नसते. ते जाळले जातात, नाहीतर खाडीकडेला जातात. घट्ट झाकणाचा डबा न्यावा, वापरलेले डायपर गुंडाळून त्यात भरावेत आणि परत शहरात आणावेत. किनाऱ्यावरच्या उबदार हवेत सुती लंगोटही चालतो, आजीला विचारा. खोली ठरवायला फोन कराल तेव्हा एसीच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, मुलांना बघणारा डॉक्टर किती अंतरावर आहे, आणि गावातला कचरा कुठे जातो. गावाच्या वेशीवर ग्रामपंचायत पर्यटकांकडून कर घेत असेल तर हुज्जत न घालता भरावा, पावती घ्यावी आणि त्या पैशातून जीवरक्षक नेमलात का, हेही तिथेच विचारावं.