गुरुजींची विद्या आणि आपली दक्षिणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की दत्तमंदिरांतून गुरुचरित्राचे सप्ताह बसतात, पालखीची तयारी सुरू होते आणि उत्सव मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न दरवर्षी निघतो : लघुरुद्राला अकरा गुरुजी मिळतील का? पूर्वी गावातल्या गावात जमत, आता चार ठिकाणी फोन करावे लागतात. मग कुणीतरी म्हणतोच, ‘‘मिळाले तरी हल्ली गुरुजी फार पैसे मागतात हो!’’

‘गुरुजी मिळत नाहीत’ आणि ‘गुरुजी पैसे फार मागतात’ ही दोन वाक्ये बहुधा एकाच तोंडून निघतात. त्यांचा एकत्र विचार करावा, म्हणून हा लेख. धर्माचे काम करणाऱ्याने मोबदला घ्यावा का? घेतला तर सेवेचा धंदा होतो का? मी काही शास्त्री नाही. बी.कॉम. झालो आणि उभा जन्म बँकेत लेजर लिहिण्यात गेला. त्यामुळे माझी नजर जमा-नावे या दोन रकान्यांकडेच आधी जाते. उत्तर मात्र आपल्या दत्तसंप्रदायातच शोधून पाहिले.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्या यादीत पृथ्वी, वायू, आकाश आहेत, अजगर-कबुतर आहेत, तसा बाण तयार करणारा एक कारागीरही आहे. बाणाचे टोक घडवताना तो इतका तल्लीन झाला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. आता हा कारागीर काही संन्यासी नव्हता. बाण करणे हा त्याचा पोटाचा उद्योग. तरीही अवधूताने त्याला गुरू केले, कारण त्याचे चित्त कामात होते. मला यातून एवढे कळते की पोट भरणे हा एकाग्रतेचा शत्रू नाही. संकल्प सांगताना ज्याचे लक्ष यजमानाच्या घड्याळाकडे किंवा स्वतःच्या मोबाइलकडे आहे, त्याने दक्षिणा घेतली काय आणि न घेतली काय, सारखेच.

दुसरा गुरू भुंगा. तो फुलाफुलातून थोडा थोडा रस घेतो, फुलाला इजा करीत नाही. आपला ‘माधुकरी’ हा शब्द यातूनच आला. पाच घरची माधुकरी मागून शिकलेली माणसे आपल्यापैकी अनेकांनी आपल्याच घराण्यात पाहिली असतील. पण त्याच ठिकाणी मधमाशीचीही गोष्ट आहे. ती साठवीत बसते आणि साठ्यासकट नाहीशी होते. म्हणजे घ्यावे, पण देणाऱ्याला जड होईल इतके घेऊ नये. एका कीर्तनाची बिदागी ऐकून गाव वर्गणीच्या चिंतेत पडत असेल, तर तिथे भुंग्याची मधमाशी झाली असे म्हणावे लागेल. वारकरी तर याहून कडक दंडक सांगतात : ज्या गावी कीर्तन करायचे तिथले अन्नसुद्धा घ्यायचे नाही.

तिसरा दाखला गुरुचरित्रातला. पंचविसाव्या अध्यायापासून त्या दोन गर्विष्ठ विद्वानांची कथा येते. वेद पाठ, पण ते कशासाठी? तर गावोगाव वाद घालायचा, समोरच्याकडून जयपत्र लिहून घ्यायचे, राजाकडून मान मिळवायचा. त्रिविक्रमभारतींकडे त्यांनी हेच मागितले. पुढे श्रीनृसिंहसरस्वतींनी वाटेने जाणाऱ्या एका पतिताला बोलावले, सात रेघा ओढून एकेक ओलांडायला लावली, आणि त्याच्याच मुखातून वेद वदवून त्या दोघांचा गर्व उतरवला. पारायणात आपण ही कथा भराभर वाचून पुढे जातो. मला तिथे नेहमी थांबावेसे वाटते. विद्येच्या जोरावर पोट भरणे वेगळे आणि तिच्या जोरावर दुसऱ्याला खाली पाहायला लावणे वेगळे. श्रीगुरूंनी शिक्षा केली ती या दुसऱ्या गोष्टीला.

तेव्हा घेणाऱ्याच्या बाजूने तीन कसोट्या झाल्या : चित्त कामात असावे, घेणे भुंग्याचे असावे, आणि विद्येचा अहंकार नसावा. पण हिशेबाला दुसरी बाजू असतेच. घेणाऱ्याला नियम सांगणे सोपे असते, देणाऱ्याचे काय?

ही विद्या कमवायला काय पडते ते आधी पाहू. ऋग्वेदाची एक हजार अठ्ठावीस सूक्ते स्वरासह मुखोद्गत करायची. मग पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्या. संहितेपासून घनापर्यंत जाणाऱ्याची उमेदीची वर्षेच्या वर्षे पाठशाळेत जातात. मुंज झालेला आठ-दहा वर्षांचा मुलगा घर सोडून तिथे जातो, पहाटे उठतो आणि एकेक ऋचा पुन्हा पुन्हा घोकतो. आपल्या वेदपठणाच्या परंपरेला युनेस्कोने 2003 साली जागतिक वारसा म्हणून गौरवले. बातमी वाचून आपल्याला अभिमान वाटला. पण तो वारसा ज्याच्या कंठात आहे त्या पोराच्या जेवणाची, कपड्यांची, पुढच्या संसाराची सोय कोण करतो?

कीर्तनाचेही तसेच. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. शिस्तीने अभ्यास करून कीर्तन-प्रवचनाला उभे राहणारी पिढी घडावी, हा हेतू. तिथे चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि शिक्षणाचे शुल्क घेत नाहीत. विद्या फुकट दिली जाते, हे आपल्या परंपरेचे मोठेपण. पण फुकट मिळालेली विद्या घेऊन बाहेर पडलेल्या तरुणालाही घरभाडे चुकत नाही.

बँकेत काउंटरवर मी हे जवळून पाहिले. एक गुरुजी दर आठवड्याला सुट्या नोटा भरायला येत. दहा, वीस, पन्नास, नीट चपट्या केलेल्या, काहींना हळदीकुंकवाचा रंग. त्यांनी एकदा घरकर्जाचा अर्ज केला. पगाराची स्लिप नाही, फॉर्म सोळा नाही, म्हणून तो परत आला. ज्यांनी वास्तुशांत केल्याशिवाय त्या पेठेतला कुणी नव्या घरात राहायला जात नसे, त्यांना स्वतःच्या घरासाठी कर्ज मिळेना. गुरुजी फक्त हसले आणि म्हणाले, ‘‘महाराजांची इच्छा.’’ त्यांचा मुलगा पुढे संगणकाकडे गेला. त्याला कोण नावे ठेवील?

लग्नाचे तर विचारूच नका. ‘मुलगा घनपाठी आहे’ म्हटले की सगळे हात जोडतात, आणि मुलगी द्यायची वेळ आली की ‘नोकरी कुठे?’ म्हणून विचारतात. मुलीच्या बापाचेही चुकत नाही, त्याला लेकीचा संसार बघायचा असतो. पण ज्या विद्येला आपण नमस्कार करतो तिच्या पदरात आपला मुलगा टाकायची आपली तयारी नसेल, तर गुरुजी मिळत नाहीत ही तक्रार कुणाकडे करायची?

काही म्हणतील, पगार सुरू केला की भाव गेला. मला तसे वाटत नाही. आपल्या लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू नेमले जातात. पदवी आणि धर्मशिक्षण बघून त्यांना नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर घेतात. सीमेवरच्या जवानाला त्यांच्या शब्दाने धीर येतो, तो पगारामुळे कमी होतो का? पंढरपूरला 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि मंदिर समितीकडे व्यवस्था आली. वारीची गर्दी आटली नाही. पुण्यात स्त्रियाही कित्येक वर्षे पौरोहित्य करीत आहेत, आणि लोक त्यांना आग्रहाने बोलावतात. व्यवस्था बदलतात, लोकांचा भाव आपली वाट शोधतो.

टेंब्ये स्वामी महाराजांनी आसेतुहिमाचल पायी प्रवास केला, द्रव्याला हात लावला नाही. तो आदर्श वंदनीयच आहे. पण ते संन्यासी होते. संन्याशाचा नियम दोन लेकरांच्या बापाला लावणे हा अन्याय आहे, आणि तोही आपण, महिन्याच्या महिन्याला पेन्शन घेणाऱ्यांनी लावणे तर शोभत नाही.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. देवस्थानांच्या ताळेबंदात मंडप, फरशी, रोषणाई, चांदीची प्रभावळ असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवावा. उत्सवातल्या शिलकीतून थोडी थोडी रक्कम मुदत ठेवीत टाकावी आणि तिच्या व्याजातून नित्यपूजेच्या गुरुजींचा आरोग्यविमा भरावा. जमल्यास पाठशाळेतल्या एका विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च उचलावा. घरच्या कार्याला गुरुजी बोलावताना दक्षिणा आधी मोकळेपणाने ठरवावी आणि नंतर घासाघीस करू नये. आचाऱ्याला, फोटोवाल्याला आपण आगाऊ पैसे देतो, मग मंत्र म्हणणाऱ्याच्या वेळीच खिशातला हात का अडखळतो?

सेवा त्यांनी करावी आणि त्याग सगळा त्यांनीच करावा, असा हिशेब कुठल्याच लेजरमध्ये जुळत नाही. त्यागाचा थोडा भाग यजमानाच्या नावे पडला, तर एखादा बाप उद्या मुलाला निश्चिंत मनाने पाठशाळेत सोडील.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!