आजीचं बहात्तर साल

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यापाशी आलं की माणसं मुलूखमैदान तोफेची गोष्ट सांगतात. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही अजस्र तोफ परंड्याहून १६३२ मध्ये विजापूरला गेली. आजीला मात्र एकच साल पाठ होतं, बहात्तर.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. अंगावरचं लेकरू बाभळीखाली निजवायचं आणि हातोडा उचलायचा. कामावर खायला सुकडी मिळे, घरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी. हातोड्यानं चेचलेलं तिच्या अंगठ्याचं नख पुढं कायम वाकडंच वाढलं. झोपताना मी त्या नखावरून बोट फिरवत राहायचो, आणि ती सांगत राहायची. रडगाणं नव्हतं त्यात. कुणी कुणाचं पोर सांभाळलं, कुणी आपल्या वाटची सुकडी दुसरीला दिली, हेच जास्त असायचं. माझ्या मते दुष्काळाचा खरा इतिहास हाच.

आजी जात्यावर ओव्याही गायची. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतकी मोठी कविता बायकांनी दळता दळता रचली! गिरणी आली तरी आजी डाळ घरच्या जात्यावरच भरडायची. गाता गाता मध्येच भावाच्या जागी माझं नाव घालायची आणि मी ऐकतोय का, ते बघायची. मी खुंटा धरून तिच्याबरोबर जातं ओढायचो. जोर सगळा तिचाच असायचा.